नाव होईपर्यंत बसा

"नाव होईपर्यंत बसा," असं म्हणून मामा डाव्या पायाने लोखंडी स्टूल गिऱ्हाइकाकडे सरकवायचे. हात रिकामे नसतच. एका हातात पातेलं, दुसऱ्यात नाव घालायचं मशीन. त्या स्टुलावर बसलेला माणूस सल्ला न घेता उठला, असं निदान माझ्या पाहण्यात नाही.

आणि पाहण्याच्या बाबतीत माझा अधिकार मोठा आहे. नाशकातल्या भांडी बाजारात मामांचं स्टीलच्या भांड्यांचं दुकान आणि रस्त्याच्या या बाजूला माझं छत्र्यांचं. छत्रीवाल्याला पावसाळाभर धंदा असतो आणि उरलेलं वर्ष समोर बघायचं असतं. मी ते काम मन लावून केलं.

तुमच्याही घरात नाव घातलेली भांडी असतील. लग्नात, मुंजीत, वास्तुशांतीला भांडं द्यायचं तर त्यावर घेणाऱ्याचं, देणाऱ्याचं, जमलं तर दोघांचंही नाव हवं. त्या नावाला वेळ लागतो, आणि तो वेळ ही मामांची जहागीर होती. सल्ल्याची लांबी नावावर ठरायची. वाटीवर नुसतं 'मोरे' घालायचं असेल तर एखादी सूचना. परातीवर 'यांजकडून सप्रेम भेट' वगैरे असेल तर घर, नोकरी, सून, जावई आणि शेवटी रक्तदाब. मुद्दा जवळ आला की मशीनची घरघर थांबायची, मामा अक्षरावर फुंकर मारून कीस उडवायचे आणि मान वर करून म्हणायचे, "ऐका माझं." मग सल्ला. मग पुन्हा घरघर.

अक्षर मात्र असं की 'ज्ञानेश्वर' डबीच्या काठावरून निघायचा आणि बुडाशी जाऊन थांबायचा. सगळी नावं उताराला लागलेली.

सल्ले वाईट नसत. फक्त त्यांचा परिणाम भलत्याच ठिकाणी दिसायचा. सातपूरच्या कंपनीत नव्याने लागलेला एक मुलगा डबा घ्यायला आला, तर मामा म्हणाले, "ऐक माझं. पहिल्या पगारात आईला साडी घेऊ नकोस. पुढे बायको आली की तिला ती साडी कपाटात दिसते." मुलाने साडी घेतली नाही. आईने हा सल्ला कुणाचा ते शोधून काढलं आणि पुढची कित्येक वर्षं ती भांडी घ्यायला पंचवटीत जात राहिली.

कापडवाल्या दोन भावांचं फाटलं तेव्हा मामांनी थोरल्याला सांगितलं, "चुली दोन करा, पण गॅसचा नंबर एकच ठेवा. सिलिंडर संपला की झक मारत बोलावं लागेल." त्या काळी सिलिंडरसाठी आठवडेच्या आठवडे वाट बघावी लागे. सल्ला बिनतोड होता. भावांनी तो पाळलाही. सिलिंडर संपला, भाऊ बोलले नाहीत, दोघांनी रॉकेलचे स्टोव्ह घेतले. दोन्ही स्टोव्ह मामांच्याच दुकानातून.

मी म्हटलं, "मामा, धंद्यासाठी बरा सल्ला दिलात."

"छत्रीवाले," मामा शांतपणे म्हणाले, "सल्ला देणं आपल्या हातात. संसार त्यांचा."

पण मामांचा खरा, हुकमी सल्ला एकच होता. "पोराला गल्ल्यावर बसवू नका. शिकवा, कंपनीत पाठवा." स्वतः मामांना वडिलांनी मॅट्रिकच्या वर्गातून उठवून दुकानात बसवलं होतं, त्याचा तो सूड होता. सगळ्या बाजाराने हा सल्ला मानला. पोरं शिकली, पुण्याला गेली, तिथून पुढे गेली. मामांचा मुलगाही कॉम्प्युटर शिकून बंगलोरला गेला. आणि बघता बघता बाजारात गल्ल्यागल्ल्यावर एकजात चष्मेवाले म्हातारे दिसू लागले. व्यापारी मंडळाच्या सभेत तरुण म्हणून माझा सत्कार झाला तेव्हा मला पन्नाशी लागली होती.

मामांना एक मुलगीही होती, मनीषा. कॉलेज सुटलं की ती मामांचा जेवणाचा डबा घेऊन यायची आणि मामा आत जेवत असताना मशीन हातात घ्यायची. तिचं अक्षर आखून काढल्यासारखं. बाजाराला हे ठाऊक होतं. घरच्या भांड्यावर नाव घालायचं तर माणसं कधीही येत. आहेराचं भांडं असेल तर बरोबर मामांच्या जेवणाच्या वेळी. मामा आतून ओरडत, "बसा हो, हा आलोच," आणि गिऱ्हाईक घाईघाईने म्हणे, "सावकाश होऊ द्या, मामा."

कॉलेज संपलं तशी ती सकाळपासूनच यायला लागली. एक दिवस मी सुट्टे मागायला गेलो होतो, तर बापलेकीचं चाललं होतं.

"बाबा, दुकान मी बघते. दादा काही परत येत नाही."

"वेडी आहेस. पोराला गल्ल्यावर बसवू नका म्हणून मी जगाला सांगतो, आणि पोरीला बसवू?"

"तुम्ही पोराचं सांगता. पोरीचं काय करायचं, ते तुम्ही अजून कुणालाच सांगितलेलं नाही."

मामांनी मशीन थांबवलं. अक्षरावर फुंकर मारली. मान वर केली. आणि सल्ला आला नाही. मी हे पहिल्यांदाच पाहत होतो, त्यामुळे सुट्टे न घेताच आलो.

यावर मामांनी जो उपाय केला तो कुठलाही बाप करतो. स्थळ बघितलं. ओझरच्या कारखान्यातला मुलगा, आडनाव जाधव, स्वभावाने गरीब. बघण्याचा कार्यक्रम झाला आणि दुसऱ्याच दिवशी दुपारी होकार आला.

आता मामांचा आणखी एक नियम सांगायला हवा. लेकीच्या लग्नाची भांडी घ्यायला आलेल्या प्रत्येक बापाला ते बजावत, "ऐका माझं. अक्षता पडेपर्यंत भांड्यावर सासरचं नाव घालायचं नाही. माणसं फिरतात, स्टील फिरत नाही." कितीतरी बापांना त्यांनी आल्या पावली परत पाठवलं होतं.

त्या दुपारी समोरून मशीनची घरघर सुरू झाली आणि थांबेचना. मी बघतो तर स्टूल रिकामं. गिऱ्हाईक नाही, सल्ला नाही, आणि मामा एकटेच वाकून नाव घालतायत. मनीषासाठी वर्षानुवर्षं एकेक करून माळ्यावर साठवलेला संसार त्यांनी खाली काढला होता. पिंप, घागर, परात, डबे, ताटं, वाट्या. प्रत्येकावर 'जाधव'. संध्याकाळपर्यंत चमचेसुद्धा जाधव झाले होते.

साखरपुड्याची तारीख धरायला मंडळी आली तेव्हा मनीषाने मुलाला सरळ विचारलं, "लग्नानंतर मी दुकानात बसले तर चालेल?"

मुलगा म्हणाला, "मला चालेल. आईला विचारतो."

आई शेजारीच बसली होती. "आमच्या घरची सून बाजारात बसून भांडी कोरणार नाही," ती म्हणाली.

"मग मलाही नाही जमायचं," मनीषा म्हणाली आणि चहाचे कप उचलून आत गेली. स्थळ तिथेच संपलं.

चारेक दिवसांनी मामा रस्ता ओलांडून माझ्याकडे आले. इतक्या वर्षांत प्रथमच. मी एका छत्रीची काडी बसवत होतो. संधी मी सोडणारा नव्हे. पायाने स्टूल सरकवलं आणि म्हणालो, "काडी बसेपर्यंत बसा."

मामा बसले. हसले नाहीत. "भांड्यांचं काय करू, सांग."

"पॉलिशवाल्याकडे द्या."

"डाग राहतो. उजेडात धरलं की जाधव दिसतो."

"मग दुसरा जाधव शोधा," मी म्हणालो.

ही थट्टा होती, हे तुम्हाला कळलं. मामांना कळलं नाही. आयुष्यभर सल्ले दिलेल्या माणसाला सल्ला घ्यायचा सराव नसतो. दिला तो त्यांनी आख्खा गिळला. पुढचे काही महिने ते जाधव शोधत होते. एक बँकेतलं चांगलं स्थळ आलं, ते नाकारलं. का, म्हणून विचारलं तर म्हणाले, "मुलगा सोन्यासारखा. पण शिंदे निघाले." इगतपुरीला रेल्वेत एक जाधव असल्याची बातमी लागली तर धो धो पावसात माझी छत्री घेऊन जाऊन आले. जाधव निघाला, पण दोन मुलांचा बाप. छत्रीही तिकडेच राहिली.

मनीषा हे सगळं बघत होती. "काका," ती एकदा मला म्हणाली, "बाबा मला नवरा बघतायत की पिंपाला?"

मग एक सकाळ आली. मामा कुणाच्या तरी दहाव्याला रामकुंडावर गेले होते. मनीषाने माळ्यावरचा सगळा संसार खाली उतरवला, फळीवर मांडला आणि वर पुठ्ठा लावला: 'जाधव मंडळींसाठी नाव घातलेली भांडी तयार. थांबावे लागणार नाही.'

मी हसत होतो तोवर पहिला जाधव आला. पुतणीचं लग्न तोंडावर, आहेर राहिलेला. परात गेली. त्याने वाटेत दुसऱ्या जाधवाला सांगितलं असावं. नाशकात जाधवांची कमी नाही. मामा परतले तेव्हा त्यांच्या लेकीचं पिंप हातगाडीवर चढत होतं.

मामा उन्हात ओल्या पंच्यानिशी उभे. "कुणाला विचारून विकलंस?"

"जाधवांना विचारून," मनीषा म्हणाली. "ताटं थोडी उरलीत. बाबा, शिंदे, पवार, पाटील मी आधीच घालून ठेवते. सणासुदीला लोक खोळंबतात, कंटाळून दुसरीकडे जातात. तुम्हाला गर्दी दिसत नाही, कारण तुम्ही बोलत असता."

मामांनी उरलेलं एक ताट उचललं, स्वतःच्याच उतरत्या अक्षरांवरून बोट फिरवलं. मग गिऱ्हाइकाच्या स्टुलावर बसले. त्या स्टुलावर मामा बसलेले मी त्याआधी पाहिले नव्हते.

त्या दसऱ्याला मशीनला हळदकुंकू वाहताना मामा बाजूला सरले. "तू लाव," एवढंच मनीषाला म्हणाले. बाजाराला समजायचं ते समजलं.

आणि इथून पुढे मामांची पंचाईत सुरू झाली. शिंदे यायचा, फळीवरून 'शिंदे' उचलायचा, चालू लागायचा. मामा स्टूल सरकवायचे. बसायला कुणाला वेळ नव्हता. ज्या दुकानाने सगळ्या बाजाराचे संसार मार्गी लावले, किंवा निदान हलवले, त्या दुकानात कुणी टेकेना. दुकान मात्र पूर्वी कधी चाललं नव्हतं असं चाललं. मामांच्या वाट्याला फक्त चमत्कारिक आडनावांची माणसं उरली. पाच अक्षरी, जोडाक्षरांनी लगडलेली. माझं आडनाव त्यातलंच आहे. मी महिन्या-दोन महिन्यांनी एखादी वाटी घ्यायचो. बायको म्हणायची, आपण माणसं दोन, वाट्या किती? पण मामांना अक्षरं हवी होती आणि मला ऐकायचं होतं.

पुढे मनीषाचं लग्न झालं. मुलाचं सातपूरला छोटं वर्कशॉप, आणि तो जाधव नव्हता. मनीषा दुकानात बसणार, हे त्याने आईला न विचारता कबूल केलं. अक्षता पडल्या, पंगती बसल्या, आणि मंगल कार्यालयाच्या एका कोपऱ्यातून घरघर ऐकू आली. मामांनी मशीन बरोबर आणलं होतं. नवा संसार मांडून नावं घालत बसले होते. मी मनीषाला म्हटलं, "तूच घातली असतीस तर सरळ आली असती."

"नको, काका," ती म्हणाली. "माझ्या भांड्यांवर त्यांचंच अक्षर हवं."

तिकडे मामांनी डाव्या पायाने कार्यालयाची खुर्ची सरकवली होती. "बसा जावईबापू, नाव होईपर्यंत." जावई मुंडावळ्यांसकट बसला. जेवणाची शेवटची पंगत उठेपर्यंत उठला नाही.

मामा गेले त्याला आता बरीच वर्षं झाली. त्यांच्या दहाव्याला रामकुंडावर निम्मा बाजार होता, आणि प्रत्येकजण त्यांचा एकेक सल्ला आठवून सांगत होता. तो पाळून काय झालं, ते कुणीच सांगितलं नाही.

परवा मी मनीषाकडून एक वाटी घेतली. माझं आडनाव फळीवर मिळणं शक्य नाही, तेव्हा ती म्हणाली, "काका, बसा, नाव होईपर्यंत." स्टूल तेच. मशीन मध्येच थांबलं. तिने अक्षरावर फुंकर मारली. मी सवयीने कान पुढे केला.

तिने वाटी उजेडात धरून पाहिली आणि पुन्हा मशीन सुरू केलं.

वाटी घरी नेली. बायकोने ती धुवून मांडणीत ठेवता ठेवता हातात फिरवली आणि मला परत दिली.

"ही आपली नव्हे," ती म्हणाली. "हिच्यावरचं नाव सरळ आहे."