दार कोणी उघडलं?

अमेरिकाबाईंची गोष्ट वाचून संपली की पहिला प्रश्न ठरलेला असायचा: "दार कोणी उघडलं?"

नायक कोण, लेखकाला काय सांगायचंय, ते सगळं मागाहून. आम्ही अंधेरीच्या कॉलेजात बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला, इंग्रजी घेऊन बसलेली पोरं. सकाळी सात दहाला बाईंचा तास. विषय होता अमेरिकेतली अगदी सुरुवातीची लघुकथा, म्हणजे शंभर-दीडशे वर्षांपूर्वीची. त्यावरून त्यांचं नाव अमेरिकाबाई पडलं. त्यांना ते माहीत होतं. हजेरी घेताना एकदा म्हणाल्याही, "अमेरिकाबाई म्हणा, चालेल. पण हजेरी लावून पळू नका."

सायक्लोस्टाइल केलेली पानं वाटायची, इंग्रजीतून एक पान वाचायचं, आणि मग चष्मा कपाळावर सरकवून मराठीत सुरू व्हायचं: "तर आता हा बाबा निघाला." त्यांच्या बोलण्यात प्रत्येक गोष्टीचा नायक म्हणजे 'हा बाबा'. हा बाबा गाव सोडायचा, खांद्यावर गाठोडं, खिशात कुणाची तरी चिठ्ठी. नवं शहर, नवी जमीन. कष्ट करीन तर मोठा होईन, बापाचं नाव इथे कोणी विचारत नाही, अशी त्याची समजूत. मग तो एका मोठ्या घराच्या दारावर थाप मारायचा. दार उघडायचं, हा बाबा आत जायचा आणि त्याचं नशीब सुरू व्हायचं. मग बाई पान उलटं ठेवून विचारायच्या, दार कोणी उघडलं?

आम्ही परत पानं चाळायचो. कुठेतरी अर्ध्या ओळीत ती व्यक्ती असायची. एक मोलकरीण, एक काळा नोकर, एक म्हातारी. नाव नसायचं. आमच्या वहीचं शेवटचं पान बाईंनी या लोकांसाठी राखून ठेवायला लावलं होतं. त्याला त्या 'दारवाल्यांचं पान' म्हणत. परीक्षेत याला मार्क नव्हते, तरी ते पान त्या तपासायच्या.

वर्गात पाटकर म्हणून एक आगाऊ मुलगा होता. त्याने एकदा विचारलं, "मॅडम, म्हणजे अमेरिकेत जाण्यात काही अर्थ नाही ना?"

"असं कुठे म्हटलं मी? संधी होतीच की. होती म्हणून तर माणसं बोटीत बसून गेली. फक्त ती कुणाला बसायला खुर्ची देते आणि कुणाला दाराशी उभं ठेवते, तेवढं बघून ठेव."

"तुम्ही कधी गेलात का पण?"

"नाही रे. मी घाटकोपरहून मुलुंडला दोनदाच गेलेय, तेही लग्नाला."

वर्ग हसला, बाईही हसल्या. मग खडूचे हात झटकत अगदी सहज म्हणाल्या, "माझी आई जालन्याकडून आली आणि घाटकोपरच्या एका बंगल्यात एकोणीस वर्षं दार उघडत होती. त्या घरात कुत्र्याला नाव होतं. आईला सगळे 'बाई' म्हणायचे. चला, पुढचं पान काढा."

बाईंच्या बोलण्यात रडगाणं कधी नसायचं. थर्मासमधला चहा झाकणात ओतून त्यात बिस्किट बुडवत त्या असल्या गोष्टी सांगायच्या, आणि बिस्किट तुटून चहात पडलं की त्याची हळहळ जास्त असायची.

त्याच वर्षी माझ्याच दारावर अमेरिका येऊन थडकली. आमच्या मालवणकडच्या गावातला एक खलाशी पूर्वी तिकडे उतरून स्थायिक झाला होता. त्याचा मुलगा तिथल्या मोटार गॅरेजात कामाला होता. तो तीन आठवड्यांच्या रजेवर आला, आणि कुणीतरी माझं नाव सुचवलं. मुलगा चांगला होता, खोटं कशाला सांगू. त्याने त्याच्या गाडीचा फोटो दाखवला, फ्रिजचाही दाखवला, दार उघडं ठेवून काढलेला. फ्रिजमध्ये दुधाच्या चार मोठ्या बाटल्या होत्या. आई तो फोटो शेजारी दाखवून आली.

अट एवढीच की लग्न लगेच, तो परत जायच्या आत. माझे कागद येईपर्यंत मी गावी सासूजवळ राहायचं. परीक्षा दीड महिन्यावर होती. मुलाचे काका म्हणाले, "तिकडे आपल्या बी.ए.ला कोण विचारतंय?" संपात बाबांची गिरणी सुटली होती आणि ते मरोळच्या एका कारखान्यात गेटवर उभे राहत होते. आमच्या घरात कॉलेजात गेलेली मी पहिली. पण अमेरिकेला जाणारीही मीच पहिली ठरले असते. मी कॉलेजला जायचं थांबवलं.

चौथ्या दिवशी संध्याकाळी दिंडोशीच्या आमच्या खोलीची कडी वाजली. बाबा त्या दिवशी दिवसपाळी करून आले होते, त्यांनीच उघडली. बाहेर अमेरिकाबाई, हातात कापडी पिशवी.

"नमस्कार. मी हिची शिक्षिका. आणि तुम्ही?"

"मी... तिचो बापूस," बाबा म्हणाले.

"ते कळलं हो. नाव?"

"दत्ताराम."

"दत्तारामभाऊ, पाणी द्या आधी. तुमचा जिना फार उंच आहे."

आईने चहा टाकला. मला वाटलं, वर्गातल्या कुणीतरी सांगितलं असणार, आता बाई लग्नाबद्दल बोलणार, आणि मी मनातल्या मनात उत्तरं तयार करत बसले. बाईंनी विषयच काढला नाही. पिशवीतून सायक्लोस्टाइलची पानं काढून म्हणाल्या, "हिची एक गोष्ट बुडलीय, तेवढी सांगून जाते." आणि बाबांकडे बघूनच सुरुवात केली: "तर हा बाबा निघाला."

बाबा मांडी घालून ऐकत राहिले. गाठोडं आलं, चिठ्ठी आली, थाप पडली, तसे ते पुढे सरकले. "बाईनू, मीया असोच इलंय मुंबैक. खिशात मामाची चिठी. लालबागाक गावकीच्या खोलयेत रवायचो, तीस माणसां एका खोलयेत. भायर पाऊस, आणि एका बायन दार उघडल्यान. अंग पुसूक फडको दिल्यान, भाकरी वाढल्यान. आमचो स्वयंपाक तीच करी."

"तिचं नाव?" बाईंनी विचारलं.

बाबांनी बोटांवर काहीतरी मोजलं. "सा वर्सां तिच्या हातचा जेवलंय," ते म्हणाले. "नाव आठवणा नाय."

बाईंनी पानांची घडी केली. आईने कप पुढे केला. मग बाबा म्हणाले, कुणाला उद्देशून ते मला अजून कळलेलं नाही, "माकाय आता वॉचमनच म्हणतत. साहेबाची गाडी इली की मी गेट उघडतंय. सात वर्सां झाली."

बाईंनी चहा संपवला. उठताना फक्त मला म्हणाल्या, "जायचं तर जा गं. अमेरिका काही पळून जात नाही. पण त्यांच्या घरात दार उघडायला जातेयस की गोष्टीतल्या बाबासारखं स्वतःसाठी दार वाजवायला, तेवढं बघ. आणि वही आण उद्या, शेवटचं पान तपासायचंय." बाबा त्यांना खालच्या रस्त्यापर्यंत सोडायला गेले.

दुसऱ्या दिवशी मुलाचे काका आले, तेव्हा बाबा म्हणाले, "पोरीची परीक्षा आसा. ती झाली की बगू." मुलाकडच्यांना थांबणं जमलं नाही. त्याच रजेत कुडाळच्या एका मुलीशी त्याचं लग्न झालं. आई आठवडाभर माझ्याशी तोडून बोलत होती. मीही एका दुपारी गॅलरीत उभी राहून त्या चार बाटल्यांचा विचार केला, हे कबूल करते.

परीक्षेच्या दुसऱ्या पेपरच्या सकाळी मी चप्पल घालत होते. बाबा दाढीचा साबण तोंडाला तसाच ठेवून मोरीतून बाहेर आले. "सत्यभामा," म्हणाले. "सत्यभामा तिचा नाव." आणि परत आत गेले.

मी सेकंड क्लासमध्ये पास झाले. बाबा मार्कशीट प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून मरोळला घेऊन गेले. साहेबांची गाडी आली तेव्हा त्यांनी गेट उघडण्याआधी ती पुढे केली. साहेबांनी माझं पूर्ण नाव मोठ्याने वाचलं, मग मधल्या नावावर थांबून बाबांकडे पाहिलं. एवढंच झालं. पण त्या दिवसापासून गाडी गेटमधून आत जाताना, काच खाली असली तर, "काय दत्ताराम" असं ऐकू यायचं.

तीन वर्षांनी बाई खरंच अमेरिकेला निघाल्या. तिकडच्या एका विद्यापीठाने त्यांना सहा आठवड्यांसाठी शिकवायला बोलावलं होतं. मी तोवर शाळेत नोकरीला लागले होते. विमानतळ बाबांच्या कारखान्यापासून जवळ, त्यामुळे ते ड्यूटीच्या खाकी कपड्यांतच आले आणि बाईंची बॅग कुणाला उचलू दिली नाही. बाईंनी नवा स्वेटर घातला होता, मे महिन्यात. "तिकडे कधीपासून घालायचा ते माहीत नाही, म्हणून घालूनच जाते," म्हणाल्या. आत शिरताना वळून बाबांना हात केला: "येते, दत्तारामभाऊ."

बाई आता नाहीत. माझ्याकडे त्यांच्या अक्षरातलं एकच कार्ड उरलंय, ते तेव्हाचं. पुढच्या बाजूला तळं आणि झाडं. मागे लिहिलंय:

"सुखरूप पोहोचले. स्वेटर बॅगेतच आहे. पाहुण्यांच्या घराचं दार ज्यांनी उघडलं त्यांचं नाव रूथ. गुडघे दुखतात, माझ्यासारखेच. मुलगी यंदा कॉलेजात गेली, त्यांच्या घरातली पहिली. शेवटच्या पानावर लिहून ठेव."

ते कार्ड मी बाबांना वाचून दाखवलं होतं. त्यांनी ते पुन्हा एकदा वाचायला लावलं. मग चष्मा काढून धोतराच्या टोकाने पुसत बसले.

"पास होतली मा ती?" त्यांनी विचारलं.

"होतली," मी म्हटलं.