पाठीवरची पाच बोटं

काल मुलीच्या शाळेत मैदानावर चुन्याच्या रेषा आखत होते. तो वास नाकात गेला आणि माझी पाठ आपोआप ताठ झाली.

लहानपणी हिंदी मुलखातल्या रांझीच्या फॅक्टरी क्वार्टरमध्ये आमचं सगळं घर दादाच्या परीक्षेभोवती फिरायचं. मी आठवीत आहे की नववीत, हे बाबांना दादाला विचारावं लागायचं. शाळेच्या खो-खोच्या संघातली एक मुलगी ऐनवेळी आजारी पडली, म्हणून मला रांगेत बसवलं. मी उकिडवी बसले. खो मिळण्याआधीच उठले तर? मिळूनही पाय उचललेच नाहीत तर? मागून पावलं जवळ यायची आणि पुढे निघून जायची. मला कुणी खो देणारच नाही, याचीच धास्ती जास्त होती.

इतक्यात आमची कॅप्टन सरिता दीदी चुन्याच्या रेषेवर पडली, सावरली, आणि माझ्या पाठीवर जोरात थाप बसली.

"खो! भाग, छोटी, भाग!"

मी धावले. समोरची मुलगी आऊट झाली की नाही, आठवत नाही. आज कळतं, मी जवळ होते म्हणून खो मला मिळाला. दीदीला माझं नावही ठाऊक नसावं.

घरी आरशात पाहिलं, तर शर्टाच्या पाठीवर पाच पांढरी बोटं उमटलेली. मी शर्ट बदललाच नाही.

जेवताना आई म्हणाली, "काहून अशी ताठ बसून राहिली? टेक ना भिंतीला."

मी टेकले नाही. बोटं पुसली गेली असती.