दोन डब्या
डांबरगोळ्यांचा वास आला की एकोणीसशे साठच्या सुमाराची, यवतमाळच्या कॉलेजातली ती तापलेली दुपार आठवते. दिग्रसच्या कपाशीवर मी दोन तऱ्हेचे सोंडकिडे पकडले होते. काहींची सोंड सरळ, काहींची बाकदार. आमचे विभागप्रमुख म्हणाले, “एकाच जातीचे नर-मादी आहेत हे. कायले वाद घालता, बाई? एका डबीत ठेवा.” मी म्हटलं, “नाही सर. सरळ सोंडेचे नर-मादी एकमेकांवर चढलेले मी पाहिलेत, बाकदार सोंडेचेही. सरळ आणि बाकदार एकत्र कधीच नाही.” खोलीतले सगळे पुरुष खाली बघू लागले. “बाईमाणसानं असं बोलू नये,” सर पुटपुटले. मी तेच पुन्हा, मोठ्यानं सांगितलं आणि त्यांच्यादेखत किडे डांबरगोळ्या घातलेल्या दोन डब्यांत भरले. पुढच्या वर्षी मला त्या कॉलेजानं शिकवायला घेतलं नाही. आज म्हातारपणीही कोणी विचारलं, तर मी तेच सांगेन, आवाज खाली न आणता.