चौकात कुटलेलं औषध

गुणवंत वैद्य चाळीस वर्षं दार लावूनच च्यवनप्राश करत आले. जपानमध्ये तोयोसुला मुलाकडे येताना त्यांनी बरणी आणली, पण नात आर्या चाखेना. "आत काय आहे ते तुम्ही सांगतच नाही, आजोबा."

एकदा दोघं संग्रहालयात गेली. तिथे जुन्या व्हेनिसचं एक चित्र होतं. लाल विजारी अन् पिवळ्या सपाता घातलेली माणसं भर चौकात औषध कुटत होती. आर्या जपानी पाटी वाचून सांगू लागली, "मध, दालचिनी, केशर..."

"आपलंच उचललंय," गुणवंत मिशीत हसले.

"...आणि विषारी सापाचं मांस."

गुणवंत दोन पावलं मागे सरकले. "असलं लोकांसमोर कुटत होते?"

"भेसळ नाही हे सगळ्यांना दिसावं म्हणून."

"साप घालणारे चौकात बसले," ते पुटपुटले, "अन् मी आवळा घालून दार लावत आलो."

घरी येताच त्यांनी बरणी उघडली. "लिही," ते नातीला म्हणाले. "पहिला आवळा."