मामेसासऱ्यांचा पहिला नंबर

आमच्या हिंगोली जिल्ह्यात इंटरनेट आलं ते फक्त आमच्या मामेसासऱ्यांसाठी आलं. आपण बाकीचे लोक ते त्यांच्या मेहेरबानीनं वापरतो, असं माझं ठाम मत आहे. मामेसासरे म्हणजे बायकोचे मामा. उभा जन्म एसटीत कंडक्टरकी केली. रिटायर झाल्यावर माणसं देवाला लागतात, हे मोबाइलवरच्या सर्चला लागले. कुणी काही शोधलं की आपलं नाव सगळ्यात वर कसं यावं, या एकाच विषयावर ते सकाळच्या चहापासून बोलू शकतात आणि बोलतातही. "जावईबापू, पाशिंजर गाडी बघत न्हाई, बोर्ड बघतो," हा त्यांचा आवडता सिद्धांत. "मोबाइलवरबी तसंच हाये. जो पयल्या पानावर न्हाई, तो गावातच न्हाई!"

स्वतःच्या मोबाइलवर मात्र त्यांचा काडीचा विश्वास नाही. "आपला मोबाइल आपल्याला पाह्यजे ते दाखवून खूश करून राहिला. त्याची साक्ष चालत न्हाई." म्हणून ते परक्याचा मोबाइल मागतात. जवळा बाजारच्या आठवडी बाजारात वांगी घेता घेता वांगीवाल्याच्या मोबाइलवर शोधून पाहतात. सेनगावच्या एका लग्नात तर अक्षता पडायच्या आत नवरदेवाच्याच खिशातून मोबाइल काढून घेतला. नवरदेवाला वाटलं, सासरकडची काही रीत असेल. बिचाऱ्यानं मुकाट्यानं कुलूपसुद्धा उघडून दिलं. शोधयंत्रंही ते एकच वापरत नाहीत. चार-पाच निरनिराळी वापरतात, आणि त्यांच्यातली चढाओढ भावकीतल्या भांडणासारखी रंगवून सांगतात. आता तर मोबाइलला तोंडानं विचारलं की तो तोंडानंच उत्तर देतो, म्हणून अंगणात बसून त्याच्याशी मोठमोठ्यानं बोलतात. पहिल्या दिवशी शेजारीण हळूच येऊन विचारून गेली, मामांची तब्येत बराबर आहे ना. सासरी गेलेल्या लेकीला मुलगी झाली तेव्हा तिचं नाव 'श्रेया' ठेवायला त्यांनी साफ विरोध केला. का, तर म्हणे त्या नावात काँपिटिशन लय!

पण हे सगळं खूळ कुणासाठी होतं, ते सांगायलाच हवं. जवळा बाजारहून औंढ्याला जाणाऱ्या रस्त्यावर त्यांच्या धाकट्या बहिणीची, म्हणजे आमच्या मावशींची, खानावळ आहे. पत्र्याची शेड, सहा बाकडी, ज्वारीची भाकरी आणि ठेचा. नवरा गेल्यावर मावशींनी याच्यावर लेकाला शिकवून पुण्याला पाठवलं. पुढच्या वळणावर रंगीत दिव्यांचा मोठा ढाबा झाला, त्यानं सर्चमध्ये वरची जागा पटकावली, आणि नागनाथाच्या दर्शनाला जाणाऱ्या गाड्या मोबाइल पाहून तिकडंच थांबू लागल्या. लेकानं निरोप धाडला, "आई, बंद कर आता. दिवाळीला न्यायला येतो." मावशींनी भाकऱ्या थापणं चालूच ठेवलं. मामा मात्र हादरले. मामी जाऊन बरीच वर्षं झाली. मामा दोन्ही वेळा बहिणीकडंच जेवतात. ती पुण्याला गेली तर आम्ही दोघं सोडून या माणसाचं जिल्ह्यात कोण उरणार होतं? हे त्यांनी कुणाला बोलून दाखवलं नाही. "मार्केटिंग कमी पडून राहिली," एवढंच म्हणाले.

मग त्यांनी मोहीम काढली. कुठून तरी त्यांना कळलं, की गिऱ्हाइकांनी चार शब्द लिहिले आणि तारे दिले की नाव वर चढतं. झालं! बाजाराच्या दिवशी लिंबाखाली खुर्ची टाकून बसले. ओळखीचा दिसला की हाक. "खाल्लंय ना माझ्या बहिणीच्या हातचं? मग लिही. आन् पयला नंबर दे!" तांड्यावरचे पाव्हणे, शिरड शहापूरचे जुने पाशिंजर, ट्रकवाले, मास्तर, सगळ्यांना निरोप गेला, मावशीला पहिला नंबर द्यायचा. माणसं इमानी. त्यांनी चार शब्द लिहिले, पाच ताऱ्यांच्या रांगेतला पहिला तारा दाबला आणि मोबाइल खिशात टाकला.

आठ दिवसांनी एसटी स्टँडवर एका परक्या पोराच्या मोबाइलवर मामांना कळलं, की आपली खानावळ पंचक्रोशीत सगळ्यात वाईट ठरली आहे. कपाळावर हात मारून घेतला हो त्यांनी! पण खचले नाहीत. उरलेले चार तारे गोळा करायला घरोघर निघाले. मी सोबत होतो. शिरड शहापूरला एका पाटलानं ओसरीवर बसवलं, चहा पाजला आणि तारे वाढवायला ठाम नकार दिला. "मामा, काहून तकलीफ देता? मी इमानानं पयला दिला. आता पाचवा देऊ? शाळेत पयला आलेला हुशार का पाचवा आलेला? मावशीनं असं काय बिघडवलंय माझं?" मामांनी तासभर समजावलं. पाटील शेवटी म्हणाले, "बरं, तुमच्यासाठी दुसरा देतो. त्याच्या खाली न्हाई उतरणार."

असे चार-दोनच दुरुस्त झाले होते, तोच दिवाळी आली आणि लेक गाडी घेऊन हजर झाला. पोरगा चांगला आहे, आईवर जीव आहे त्याचा. बाकावर बसून त्यानं मोबाइल तिच्यापुढं धरला. "बघ आई, पाचातला जेमतेम दीड तारा. लोकांना आवडत नाही आता. कशाला हाडं झिजवतेस?" मावशींनी परातीतला हात थांबवला, पिठाचा हात पदराला पुसला आणि आत जाऊन सामान भरायला ट्रंक बाहेर ओढली. कोपऱ्यात मामा उभे होते. सर्चवर दिवसभर बोलणारा माणूस, नुसता उपरण्याचं टोक पिळत होता.

दिवाळीच्या फराळाला आम्हीही तिथंच होतो. माझ्या बायकोनं मावसभावाच्या हातातून मोबाइल घेतला. "मावशे, तारे जाऊ दे चुलीत. खाली काय लिवलंय ते ऐक." आणि ती वाचू लागली. "ठेचा लय भारी. डोळ्याला पानी आलं, तरी दोनदा मागितला." "सर्वांस नमस्कार. इकडे सर्व ठीक. सोयाबीन काढून झालं. जेवण उत्तम, कळावे." "ताप होता तवा मावशीनं वेगळी खिचडी करून दिली, बाजूला बसून खाऊ घातली. माय आठवली." बायको वाचत गेली, प्रत्येकाच्या डोक्यावर एकेक तारा. शेवटचं होतं मामांचं: "ही माझी बहीण हाये. तिनं जाऊ नये." तिथं मात्र पाच तारे होते.

मावशी उंबऱ्यावर बसल्या. डोळ्यांतून घळाघळा पाणी, आणि तोंडानं शिव्या. "मेल्यांना येवढं आवडत होतं तर तोंडानं बोलाया काय झालतं? ताटं चाटूनपुसून गेले, पन शबूद न्हाई!" मग लेकाच्या गालावरून हात फिरवला. "तू मनाला लावून घेऊ नको लेकरा. सुट्टीला येत जा, मीबी येईन दोन दिस. पन ऱ्हायला मला न्हाई यायचं. इथं माझ्या हातचं कुनीतरी खातंय." लेक हसला आणि त्यानं स्वतःच ट्रंक आत सरकवली. मामांनी चष्मा काढला, उपरण्यानं पुसला, पुन्हा पुसला, आणि भिंतीकडं तोंड करून म्हणाले, "धूर लय झालाय."

खानावळ अजून चालू आहे. सर्चमध्ये ढाबाच वर असतो, मावशी कधी चौथ्या, कधी पाचव्या. मामा लढताहेत. परवा तिथं जेवताना मी त्यांना म्हणालो, "मामा, माझ्या आईच्या हातचं वरण मी इतकी वर्षं खाल्लं. छान झालंय असं एकदाही म्हणालो नाही. आता कुठं लिहू?" मामांनी भाकरीचा तुकडा हातात तसाच धरला. मग हळूच म्हणाले, "गेलेल्याचं आता कुठं लिवता येतंय जावईबापू? जे हायेत त्यायला सांगा. घरापासून सुरू करा."

घरी येऊन मी बायकोला म्हणालो, "शेपूची भाजी छान झाली होती सकाळी." तिनं माझ्या कपाळाला हात लावून पाहिला. दुसऱ्या दिवशी डब्यात पुन्हा शेपूचीच भाजी होती.