पासवर्ड आणि शेजारचा बाक

काखेत हाताला गाठ लागली तेव्हा चंडीगढमध्ये कडाक्याची थंडी होती. चार थर कपड्यांखाली ती बायकोपासून लपवणं सोपं गेलं. सुईने काढलेला नमुना जवळच्या पंचकुल्याच्या लॅबमध्ये दिला, रिपोर्ट परस्पर पुण्याच्या आमच्या जुन्या डॉक्टरांकडे. दुखणं मराठीतच नीट सांगता येतं, अशी माझी समजूत.

त्यांच्या दवाखान्याकडून व्हिडिओ कॉलची सूचना आली: 'आपली गोपनीयता हे आमचे पवित्र कर्तव्य.' मग ओटीपी, पासवर्ड, तीन पानी संमतिपत्र. एवढा बंदोबस्त मंत्र्यांनाही मिळत नसावा. मी सगळं पार पाडलं आणि चंडीगढला लागूनच असलेल्या झिरकपूरच्या आमच्या सोसायटीच्या बागेत, उन्हातल्या बाकावर येऊन बसलो. इयरफोन घरीच राहिला.

"आजूबाजूला कोणी नाही ना?" डॉक्टरांनी विचारलं.

"आहेत की. पण इथे मराठी कोणाला कळतंय? बोला बिनधास्त."

नऊ वर्षांची सवय. लिफ्टमध्ये माणूस शेजारी उभा असताना आम्ही त्याच्याच पोटाबद्दल बोलतो.

"गाठ साधी आहे. कॅन्सर नाही."

मी ताडकन उभा राहिलो. "नाही? पक्का?"

"पक्का काय, लेखी आहे!"

कॉल संपला आणि मला त्या बागेतल्या प्रत्येक झाडाशी हस्तांदोलन करावंसं वाटलं.

"अभिनंदन साहेब!" शेजारच्या बाकावर संत्रं सोलणारे, आमच्याच सोसायटीतले सरदारजी म्हणाले. चक्क मराठीत. "बारा वर्षं नगरला होतो, फौजेत. घरी सांगितलं का?"

"नाही."

"काय राव! मी आमच्या मॅडमपासून काही लपवत नाही. आणि त्या अकराला तुमच्याकडे चहाला येणार आहेत."

"त्यांना सांगाल?"

"आत्ता फोन करतो. हे संत्रं संपलं की."

त्यांनी एक फोड तोंडात टाकली, अगदी सावकाश. मी पळत सुटलो. लिफ्टची वाट न बघता चार मजले चढलो. छाती फुटायची वेळ आली होती, तरी हसू आवरत नव्हतं.

बायको चहाचं आधण ठेवत होती.

"नाहीये!" मी ओरडलो. "कॅन्सर नाहीये!"

"कोणाला?"

"मला."

तिने गॅस बंद केला. मी पुढचं सांगायच्या आतच माझ्या स्वेटरची चेन खाली ओढली.

"हात वर कर. बघू दे."

तिचा फोन वाजू लागला. दोघांपैकी कोणीही उचलला नाही.