सीटखालचे तांदूळ

बायको गेल्यानंतर आमच्या गाडीत एअरबॅगचा लाल दिवा लागायला लागला. लागायचा, विझायचा. दोन-चार दिवस काही नाही, मग भाजी आणायला निघालो की हा परत हजर. बसलेला माणूस आणि त्याच्या पोटापुढे गोल फुगा, असं चित्र असतं त्या दिव्यात. बरेच दिवस मी तिकडे बघितलंच नाही. तेव्हा मी कशाकडेच बघत नव्हतो. चहा करायचा, प्यायचा, कप विसळायचा. दिवा लागला तर लागला.

एक आधीच सांगून टाकतो. ती मला काही खूण करतेय, असलं मला वाटलं नाही. देवळातल्या एका पोरानं तसं सुचवलं. म्हणाला, "काका, काकूंचा जीव तुमच्यात अडकलाय."

मी म्हटलं, "माझ्यात अडकलाय तर माझ्यात लागू दे की दिवा. गाडीला कशाला ताप?"



गाडी तिनं घेतलेली. ती नर्स होती. तिच्या नोकरीवर आम्ही इथं अमेरिकेत, वेस्ट विंडसरला आलो. मी सातवी पास. गावाकडे टेम्पो चालवायचो, इथं गोदामात खोकी उचलली. कुणी विचारलं तुम्ही काय करता, तर सांगायचो, मी बायकोचा नवरा. लोक हसायचे. खोटं काय होतं त्यात?

घेतली तिनं, चालवली मी. हायवेवर तिचे हातपाय गार पडायचे. शेजारची सीट तिची. बुटकी होती, सीट ओढून इतकी पुढं घ्यायची की गुडघे समोर टेकायला आलेले असत.

"एवढी पुढं कशाला बसतेस? काच पुसायचीय का?"

"मागून दिसत नाही मला."

"तुला काय करायचंय बघून? चालवतोय मी."

"म्हणूनच बघावं लागतं."

हे आमचं दर वेळी व्हायचं. नात मागं बसून हसायची. मुलीची मुलगी. तिला रोज दुपारी शाळेतून आणायचं काम आमच्याकडे होतं. मुलगी-जावई दोघं कामावर. आम्ही दोघं जायचो, गाड्यांच्या रांगेत थांबायचो, बायको चिवड्याचा डबा मांडीवर घेऊन बसायची आणि पोरगी आली की मागं द्यायची. ती गेल्यावर मी एकटा जायला लागलो. चिवडा बंद झाला. बाकी तसंच. खरं सांगायचं तर त्या दिवसांत मी अंघोळ करायचो ती तीन वाजता पोरीच्या शाळेत जायचंय म्हणून. नाहीतर नसती केली.

तर तो दिवा. डोळ्यात खुपायला लागला तसा म्हटलं झाकून टाकू. घरी काळी टेप नव्हती. गाडीतच समोरच्या खणात तिचं टिकल्यांचं पाकीट होतं. त्यातली एक मोठी काढली आणि दिव्यावर चिकटवली. दिवा लागला की कडेनं जरा लाल दिसायचं, पण खुपायचं नाही.

मग एका रविवारी मुलगी माझ्याबरोबर किराणा आणायला आली. मागं बसली. पुढं कुणी बसत नाही आता, सांगावं लागत नाही. सिग्नलला वाकून बघितलं तिनं.

"बाबा, हे काय लावलंय?"

"टिकली."

"आईची?"

"मग काय माझी?"

तिनं दोन सीटांमधून पुढं येऊन नखानं टिकली काढली. खाली दिवा लागलेलाच. टिकली बोटावर घेऊन बसली जरा वेळ. मग म्हणाली, "बाबा, हा एअरबॅगचा लाइट आहे. ॲक्सिडेंट झाला तर एअरबॅग उघडणार नाही. कधीपासून आहे हे?"

"असतो अधूनमधून."

"आणि तुम्ही तिला घेऊन फिरताय?"

"टेम्पोला कुठं होती एअरबॅग?"

"टेम्पोत माझी मुलगी नव्हती, बाबा."

घरी गेल्यावर फोन केला तिनं. लाइट फिक्स होईपर्यंत पोरगी शाळेतच थांबेल, आफ्टर-केअरला. शाळेला कळवलंय. रागावली नव्हती. रागावली असती तर बरं झालं असतं, मी उलटा रागावलो असतो.

दुसऱ्या दिवशी तीन वाजता मी ओट्याशी उभा होतो. करायला काही नव्हतं. नळ सोडला, बंद केला. अंघोळ केली नव्हती.

मेकॅनिक पंजाबी आहे. ऑइल बदलायला आम्ही त्याच्याकडेच जायचो. तिला आंटीजी म्हणायचा. मी एकटा उतरलेलो बघून म्हणाला, "आंटीजी को घर छोड़ आए?"

मी म्हटलं, "वो नहीं रही."

हात पुसत होता, पुसायचा थांबला. त्यानं खुर्ची दिली, मी बसलो नाही. मग त्यानं स्टिअरिंगखाली यंत्र जोडलं आणि बघून म्हणाला, "पैसेंजर सीट का है, अंकलजी. सीट के अंदर सेंसर होता है. कोई बैठा है कि नहीं, कितना भारी है, वो बताता है. वो गया होगा तो सीट ही बदलनी पड़ेगी. जंकयार्ड से सेम कलर ला दूँगा."

"सीट नहीं बदलने का."

"फिर लाइट नहीं जाएगी."

"मत जाने दे."

गाडी घेऊन परत आलो. मुलीला सांगितलं. ती म्हणाली, बदला ना मग. मी म्हटलं नको. का नको? नको म्हटलं ना. मग म्हणाली, "बाबा, गाडी विकूया का? माझी जुनी तुम्ही घ्या."

"विकायची नाही."

"सीट बदलायची नाही, गाडी विकायची नाही. मग मी तिला कशी बसवू तुमच्या गाडीत? सांगा तुम्हीच."

त्या सीटच्या कापडावर एका जागी पिवळा डाग आहे, लोणच्याच्या तेलाचा. डोकं टेकायचं तिथं तिच्या केसांचं तेल मुरलंय. हे काय फोनवर सांगायचं? फोन ठेवला.

तो आठवडा तसाच गेला. तीन वाजायचे. एकदा सवयीनं गाडी काढली आणि शाळेच्या कोपऱ्यापर्यंत जाऊन आलो. रांग लागलेली दिसली. रांगेत शिरायला माझ्याकडे पोरगी नव्हती. तिथून वळलो तो सरळ पंजाब्याकडे गेलो.

म्हटलं, "निकाल. बदल दे."

तो म्हणाला, "पहले खोल के तो देखने दो. आप भी ना, सीधा दहेज वापस करने लगे."

त्यानं बॅटरीची वायर काढली आणि चहा मागवला. म्हणाला, एअरबॅगचं काम लगेच करत नाहीत, आतली वीज उतरू द्यावी लागते. चहा झाल्यावर सीट सरकवून पार मागं नेली, पुढचे बोल्ट काढले, मग पुढं ओढून मागचे काढले, आणि सीट उताणी केली.

बघतच राहिला. "अंकलजी, ये क्या है? गाड़ी में खेती करते हो?"

खाली तांदूळ होते. चार-दोन दाणे नाही, चांगले ओंजळभर. सीटच्या लोखंडी पट्ट्यांत, कार्पेटच्या फटीत, सगळीकडे. काही पांढरे, काही हळदीचे पिवळे, काहींना कुंकू लागलेलं.

मला लगेच कळलं. ओटीचे होते. इथं संक्रांतीला एकेका बाईच्या घरी हळदीकुंकू असतं. मी बाहेर गाडीत थांबायचो. ती यायची ती पदराच्या ओटीत तांदूळ, सुपारी, खण, नारळ असं सगळं धरून. थंडी मरणाची, त्यामुळे वरून जाड कोट. कोटाची बटणं लागत नाहीत, पदर सोडता येत नाही, आणि त्यात सीटबेल्ट. बेल्ट ओढला की तांदूळ सांडलेच. "हळू!" म्हणून माझ्यावर ओरडायची, जसा काही मीच बेल्ट आहे. पडलेले दाणे वेचायला वाकायची, वाकता यायचं नाही, मग म्हणायची राहू दे, घरी जाऊन वेचते. इतकी वर्षं ते तसेच राहिले.

तांदूळ आले म्हणून उंदीर आले. पंजाब्यानं टॉर्च मारून दाखवलं. पिवळी वायर एका जागी कुरतडलेली, आणि ती जिथं जोडली जाते तिथं लेंड्या आणि तांदळाचा चुरा बसलेला. गाडी खड्ड्यात आदळली की जोड सुटायचा, दिवा लागायचा. परत टेकला की विझायचा. बस, एवढंच. कोपऱ्यात उंदरानं घर केलं होतं. हिरव्या कापडाच्या चिंध्या होत्या त्यात, जरीची कड अजून चमकत होती. कुणीतरी ओटीत घातलेला खण असणार. तो हरवला म्हणून ती घरभर शोधत होती एकदा.

"सीट ठीक है," पंजाबी म्हणाला. "वायर का टुकड़ा नया डाल दूँगा. ये चावल रखने हैं क्या? पूजा के लगते हैं."

तिनं फेकू दिले नसते. ओटीचे तांदूळ फेकत नाहीत, घरात शिजवून खातात. ती गेली तेव्हा फ्युनरल होममध्ये बायकांनी तिची शेवटची ओटी भरली. सवाष्ण गेली, भाग्याची, असं सगळ्याजणी म्हणत होत्या. माझ्यासमोर. म्हणजे मी उरलो हे तिचं भाग्य. नारळ भट्टीत फुटतो, चालणार नाही म्हणाला तिथला माणूस, तेवढा बाहेर काढला. तांदूळ तिच्याबरोबर गेले.

"उंदीर का मूत लगा है," मी म्हटलं. "खींच ले."

त्यानं व्हॅक्यूम लावला. नळीत तांदूळ तडतडत गेले. चिंध्या अडकल्या, त्या त्यानं बोटानं आत ढकलल्या. मी उभा राहून बघितलं. रडू येईल असं वाटलं होतं, आलं नाही. पाय दुखत होते.

संध्याकाळी गाडी मिळाली. दिवा चावी फिरवल्यावर लागतो, आपली तपासणी करतो आणि विझतो. तसाच विझला. सीट मात्र बोल्ट लावल्यावर पार मागं राहिली होती. मी म्हटलं, पहले जहाँ थी वहाँ रख दे.

"कहाँ थी?"

मी हातानं दाखवायला गेलो आणि मला सांगता येईना. रोज शेजारी बसलो आणि कुठल्या खाचेत होती ते ठाऊक नाही. थोडी पुढं करून बघितली, मागं करून बघितली. सगळीकडे चुकीचीच वाटायला लागली. पंजाबी वाट बघत होता. मी म्हटलं, राहू दे.

मुलीला फोटो पाठवला, दिव्याच्या विझलेल्या जागेचा. तिचा मेसेज आला की उद्यापासून जा.

दुसऱ्या दिवशी अंघोळ केली. रांगेत लागलो. पोरगी आली, दप्तर आत टाकलं, तिच्या नेहमीच्या जागेवर बसायला गेली. आजीच्या मागची ती जागा. बसता येईना तिला.

"आजोबा, माय लेग्ज डोन्ट फिट. सीट मागे का केलीस?"

"मेकॅनिकनं केली."

"पुढे कर ना. आजीसारखी."

मी उतरलो. वळसा घालून पलीकडचं दार उघडलं, वाकलो, खालची दांडी ओढली आणि सीट पुढं ढकलायला लागलो. ती मागून गुडघे लावून बसली होती.

"मोअर. मोअर, आजोबा. अजून. नो, टू मच. थोडी मागे." मग गुडघे हलवून बघितले तिनं. "स्टॉप. इथेच होती."

खट् करून बसली सीट. मी दांडी सोडली. वाकल्यामुळे कमरेत धरलं होतं, म्हणून तसाच सीटला हात टेकून उभा राहिलो. मागच्या गाडीनं हॉर्न दिला. शाळेची बाई पुढं व्हा, पुढं व्हा म्हणून हात हलवत होती.

"आजोबा, दे आर वेटिंग."

म्हटलं, राहू दे वेटिंग जरा.